नववी खिडकी उघडल्यावर

खारेगावातल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा राहतो. प्रोजेक्टसाठी त्याने कॅरमचा खेळ लिहायला घेतला. चौघांनी चार गावांतून एकाच पटावर खेळावं, अशी कल्पना. पट, सोंगट्या, राणी, स्ट्रायकर सगळं जमलं. आता एका वेळी तीन पट चालू असताना सर्व्हर टिकतो का ते बघायचं होतं आणि त्यासाठी बारा खेळाडू हवे होते. रात्री अकराला बारा मित्र कुठून आणणार? म्हणून त्याने खेळाडूही लिहिले. आपले आपण नेम धरणारे, आपले आपण स्ट्रायकर मारणारे. प्रत्येकाची वेगळी खिडकी, सर्व्हरशी वेगळी जोडणी.

मी ऐरोलीत सर्व्हर सांभाळण्यात वीस वर्षं काढली आहेत हे त्याला ठाऊक आहे, म्हणून त्याने एका रात्री हाक मारली. "काका, जरा वर येता का? आठ खिडक्यांपर्यंत मस्त चालतंय. नववी उघडली की सगळ्याच अडखळतात."

टेबलाखाली लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं सेकंड-हॅण्ड वर्कस्टेशन घरघरत होतं. आत इंटेलचा झिऑन ई५-२६७०, म्हणजे २०१२ सालचा आठ कोअरचा प्रोसेसर. एके काळी मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हर-खोल्यांत बसलेले हे प्रोसेसर आता भंगारातून बाजारात येतात आणि मुलांना परवडतात. मुलाचा हिशेब सरळ होता. कोअर आठ, खेळाडू आठ. नवव्याला जागा नाही. बारा खेळाडूंना बारा कोअर लागणार. दोन प्रोसेसर बसणाऱ्या बोर्डाची किंमत त्याने विचारूनही ठेवली होती.

हा हिशेब त्याचा एकट्याचा नाही. गेमचे अनेक क्लायंट, म्हणजे खेळाडूच्या बाजूचे प्रोग्रॅम, एकाच कॉम्प्युटरवर चालवणारे बहुतेक जण याच हिशेबाने पैसे खर्च करतात. मग कोणी एम्युलेटरच्या सहा खिडक्या उघडणारा असो, कोणी स्वतःच्या खेळाची चाचणी घेणारा असो, की मशीनला खेळ शिकवणारा संशोधक असो. तो हिशेब कुठे बरोबर आहे आणि कुठे फसतो, हे नीट मांडायला हवं असं मला त्या रात्रीपासून वाटतं आहे, कारण फसला तर खर्च विद्यार्थ्याच्या खिशातून होतो.

मुळात एका प्रोसेसरमध्ये इतके कोअर आले कशामुळे? २००४ पर्यंत दर वर्षी घड्याळाचा वेग वाढत होता आणि जुना प्रोग्रॅम नव्या प्रोसेसरवर आपोआप वेगाने पळत होता. मग उष्णता आडवी आली. ट्रान्झिस्टर बारीक होत गेले तरी त्यांची विजेची भूक त्या प्रमाणात उतरेना. मे २००४ मध्ये इंटेलने पुढच्या पिढीचा ‘तेहास’ प्रोसेसर सोडून दिला. आयबीएमचा पॉवर ४ हा दोन कोअरचा प्रोसेसर २००१ मध्येच आला होता. २००५ मध्ये पेन्टियम डी आणि अ‍ॅथलॉन ६४ एक्स२ यांनी दोन कोअर घराघरांत आणले. वेगाचा वायदा संपला आणि संख्येचा सुरू झाला. फरक एवढाच की वेग प्रोग्रॅमला फुकट मिळत असे. संख्या मिळवायची तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने कामाची वाटणी करायला हवी.

महाराष्ट्राला ही वाटणी तशी लवकर कळली होती. अमेरिकेने क्रे कंपनीचा महासंगणक नाकारल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. एकच अवाढव्य प्रोसेसर मिळत नाही ना, मग ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडून त्यांच्याकडून मिळून काम करून घ्यायचं, हा त्यामागचा विचार. प्रत्येक ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी बोलायला चार जोडण्या असत. कोणाला कोणतं काम द्यायचं आणि कोणी कोणाची वाट बघायची, हे ठरवण्यात त्या मंडळींचा घाम निघाला. आज तोच प्रश्न खारेगावातल्या टेबलाखाली येऊन बसला आहे.

वाटणीची मर्यादा जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवून दिली होती. कामाचा ९५ टक्के भाग वाटता येत असेल आणि ५ टक्के एकामागून एकच करावा लागत असेल, तर हजार कोअर लावले तरी वेग वीस पटींच्या पुढे जात नाही. एका खेळाच्या एका क्लायंटला हा नियम पुरेपूर लागू पडतो. खेळाचा मुख्य फेरा एकच असतो: खेळाडूने काय केलं ते वाचा, जग एक पाऊल पुढे सरकवा, चित्र काढा, पुन्हा सुरुवात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर हा फेरा १६.७ मिलिसेकंदांत संपायला हवा. त्यातलं काही काम, म्हणजे चित्राची तयारी, आवाज, फाइल वाचणं, वेगळ्या थ्रेडवर टाकता येतं. पण मधला कणा एकाच थ्रेडवर चालतो आणि एक थ्रेड एका क्षणी एकाच कोअरवर असतो. म्हणूनच एक खेळ एकट्याने खेळणाऱ्याला सोळा कमी वेगाच्या कोअरपेक्षा सहा जलद कोअर जास्त उपयोगी पडतात.

अनेक क्लायंट चालवणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. एका क्लायंटला दुसऱ्याचं काही देणंघेणं नसतं. बारा क्लायंट म्हणजे बारा स्वतंत्र कामं, कोणी कोणासाठी थांबत नाही. वाटणीला याहून सोपं काम शोधून सापडणार नाही. त्यामुळे इथे कोअरची संख्या खरोखर कामाची असते आणि त्या मुलाचा हिशेब निम्मा बरोबरच होता.

उरलेला निम्मा कुठे चुकला ते विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये दिसलं. आम्ही सगळ्या खिडक्या बंद केल्या आणि एकच क्लायंट उघडला. पटावर कोणी खेळत नव्हतं, स्ट्रायकर जागेवर पडून होता. एकूण वापराचा आकडा दाखवत होता ६ टक्के.

"सहाच टक्के, काका. म्हणजे एक क्लायंट काहीच खात नाही."

हा सहाचा आकडा भल्याभल्यांना चकवतो. ई५-२६७० मध्ये आठ कोअर आहेत, पण हायपरथ्रेडिंगमुळे विंडोजला ते सोळा दिसतात. सोळांपैकी एक पूर्ण भरला की एकूण वापर होतो ६.२५ टक्के. म्हणजे रिकाम्या पटावर बसलेला तो क्लायंट एक अख्खा कोअर गिळून बसला होता. शिवाय प्रत्येक कोअरचा आलेख वेगळा उघडला तरी एकही बुरूज टोकाला गेलेला दिसत नाही, कारण विंडोज तो थ्रेड क्षणाक्षणाला या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहते आणि भार सगळ्यांत थोडा थोडा पसरलेला भासतो. चार कोअरच्या साध्या मशीनवर हेच २५ टक्के दिसले असते आणि कोणीतरी दचकलं असतं. कोअर जितके जास्त, तितकी अडचण आकड्यांत लपते.

पण रिकाम्या पटाला अख्खा कोअर कशाला हवा? उत्तर युनिटीच्या एका सेटिंगमध्ये होतं. खेळ बांधायच्या या इंजिनला फ्रेमची कमाल मर्यादा सांगितली नाही आणि मॉनिटरच्या तालाशी बांधलंही नाही, तर डेस्कटॉपवर ते जमेल तितक्या फ्रेम काढत सुटतं. सेकंदाला शेकडो वेळा तोच स्थिर पट. चाचणीसाठी मुलाने मॉनिटरचा ताल बंद केला होता आणि मर्यादा घालायची राहून गेली होती. एका ओळीत आम्ही ती ३० केली. क्लायंटचा वापर एका कोअरच्या लहानशा हिश्श्यावर उतरला. नववी खिडकी उघडली. दहावी उघडली. बारावी उघडली तरी काही अडखळलं नाही. बोर्ड तोच, प्रोसेसर तोच.

माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचं मर्म इथे आहे. ‘किती कोअर हवेत’ हा प्रश्न दुसरा आहे. एका क्लायंटला एका सेकंदात किती मिलिसेकंद काम खरोखर असतं, हा पहिला. समजा एका फ्रेमला ५ मिलिसेकंद लागतात आणि सेकंदाला ३० फ्रेम पुरतात. म्हणजे सेकंदातले १५० मिलिसेकंद, एका कोअरचा १५ टक्के हिस्सा. कागदावर एका कोअरवर सहा क्लायंट बसतात, आठ कोअरवर अठ्ठेचाळीस. मोकाट सोडलेला क्लायंट मात्र जितकं समोर येईल तितकं खातो. त्याला बारा कोअर दिले असते तर तेराव्या खिडकीला पुन्हा हीच रड सुरू झाली असती.

कागदावरचे अठ्ठेचाळीस प्रत्यक्षात उतरत नाहीत, आणि त्याचं पहिलं कारण रांग हे आहे. कामं ठरल्या वेळी न येता कशीही येत असतील तर रांगेचं साधं गणित असं: कोअर ५० टक्के भरलेला असताना काम पुरं व्हायला दुप्पट वेळ लागतो, ८० टक्क्यांना पाचपट, ९० टक्क्यांना दहापट. सकाळी आठला कळवा स्टेशनच्या जिन्यावर उभा राहिलेला माणूस हे गणित न शिकता जाणतो. जिना तोच, माणसं थोडीच वाढलेली, पण खाली उतरायला लागणारा वेळ कितीतरी वाढलेला. म्हणून कोअर काठोकाठ भरायचे नाहीत. साठ-सत्तर टक्क्यांवर हात आखडता घ्यावा, असं मी सांगेन.

दुसरं कारण रॅम, आणि इथे फार जणांची गल्लत होते. चाळीतला नळ आणि चाळीतली खोली यांत जो फरक, तोच कोअर आणि रॅम यांत. नळ सगळ्यांना पाळीपाळीने वापरता येतो; रांग लांबली तरी पाणी मिळतं. खोली एकाने व्यापली की व्यापली. क्लायंट गप्प बसला तर कोअर दुसऱ्याला देतो, रॅम मात्र धरून ठेवतो. सोळा जीबीच्या मशीनवर चार-चार जीबी मागणारे सहा एम्युलेटर उघडले की विंडोज उरलेलं सामान डिस्कवर हलवायला लागते आणि मग कोअर कितीही मोकळे असोत, सगळं रांगतं.

एम्युलेटरचं थोडं सांगायला हवं, कारण आमच्या भागातल्या मुलांच्या तोंडी ‘मल्टी-इन्स्टन्स’ हा शब्द तिथूनच आला आहे. ब्लूस्टॅक्स, एलडीप्लेअर, नॉक्स यांची प्रत्येक खिडकी म्हणजे आत चालणारा एक अख्खा अँड्रॉइड. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू केलेलं नसेल तर ते कुंथत चालतात. ते आधी तपासावं. सेटिंगमध्ये प्रत्येक खिडकीला किती कोअर द्यायचे ते विचारतात आणि मुलं उत्साहाने चार-चार देतात. सहा खिडक्यांचे चोवीस झाले, मशीनकडे सोळा थ्रेड. मग आतल्या अँड्रॉइडला वाटतं आपल्याकडे चार कोअर आहेत, प्रत्यक्षात त्यातला एखादा नेमका हवा त्या क्षणी भलतीकडे गुंतलेला असतो. दोन-दोन दिले तर बहुतेक वेळा जास्त गुळगुळीत चालतं.

आता त्या वर्कस्टेशनच्या पोटातली एक गोष्ट. बारा खिडक्या चालल्या म्हणून मुलगा खूश होऊन पुढे गेला; सतराव्या-अठराव्या खिडकीला फ्रेम पुन्हा घसरायला लागल्या. या वेळी आलेखातले बुरूज खरोखर वर गेले होते. आम्ही बाजूचं झाकण काढलं. धुळीचा थर, आणि रॅमच्या खाचांमध्ये एकच पट्टी. विकणाऱ्याने सोळा जीबी सांगितली होती आणि ती सोळाच होती, पण एका पट्टीत. या प्रोसेसरला रॅमकडे जाणाऱ्या चार वाटा आहेत. डीडीआर३-१६०० च्या एका वाटेने सेकंदाला १२.८ जीबी जातात, चारही वाटांनी मिळून ५१.२. चार पदरी रस्त्यावर तीन पदर बंद करून ठेवल्यासारखं झालं होतं. आणि यातली खोच अशी की डेटा येण्याची वाट बघत ताटकळणारा कोअर टास्क मॅनेजरला ‘कामात’ दिसतो. वापर शंभर टक्के दिसतो, काम निम्मंही होत नाही, आणि माणूस म्हणतो कोअर कमी पडले. चार-चार जीबीच्या चार पट्ट्या आल्या तेव्हा कुठे ते बुरूज खाली बसले. जुनं मशीन घेताना झाकण उघडून पट्ट्या मोजा, एवढं मी त्याच्या सगळ्या मित्रांना सांगत असतो.

कोअर-कोअरमध्येही फरक असतो. हायपरथ्रेडिंगने दिसणारे सोळा म्हणजे सोळा कोअर नव्हेत; एका कोअरवर दोन थ्रेड बसवून त्याचे रिकामे क्षण वापरून घेण्याची ती युक्ती आहे. २००२ मध्ये ती आली तेव्हा इंटेलनेच तीस टक्क्यांपर्यंत लाभ सांगितला होता, दुप्पट नव्हे. आणि नोव्हेंबर २०२१ मधल्या बाराव्या पिढीपासून इंटेलच्या अनेक प्रोसेसरमध्ये दोन जातींचे कोअर आहेत. आय९-१२९००के मध्ये आठ दमदार आणि आठ काटकसरी. खिडकी मागे गेली किंवा खाली दडवली की विंडोज ते काम काटकसरी कोअरकडे वळवू शकते. समोरचा क्लायंट पळतो, मागचे लंगडतात, आणि माणूस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. एएमडीच्या पहिल्या रायझनमध्ये चार-चार कोअरचे गट आणि प्रत्येक गटाची वेगळी कॅश होती. नोव्हेंबर २०२० च्या पिढीपासून आठ कोअर ३२ एमबी कॅश मिळून वापरतात. क्लायंट स्वतंत्र असतील तर गटांचा फारसा त्रास होत नाही. अमुक क्लायंट अमुक कोअरला बांधून ठेवायचा खटाटोप बरेच जण करतात. मी तो शेवटच्या उपायासाठी राखून ठेवतो, कारण बहुतेक वेळा विंडोजची वाटणी आपल्यापेक्षा बरी असते.

ब्राउझरमध्ये चालणारा खेळ मागच्या टॅबमध्ये असेल तर कोअरचा फार संबंधच येत नाही. मागे गेलेल्या टॅबचे टायमर क्रोम सेकंदाला एकवर आणतो, आणि जानेवारी २०२१ मधल्या ८८व्या आवृत्तीपासून पाच मिनिटं दडलेल्या टॅबचे अनेकदा मिनिटाला एकवर. त्या मंदपणाला प्रोसेसर बदलून उपाय नाही.

ज्यांनी अनेक स्वयंचलित खेळाडू चालवण्याचं शास्त्र केलं, त्यांच्याकडेही बघायला हवं. २०१६ मध्ये डीपमाइंडच्या व्होलोदिमीर म्नीह आणि सहकाऱ्यांनी अटारीचे जुने खेळ मशीनला शिकवण्याची एक पद्धत मांडली. तोवर या कामाला महागडं ग्राफिक कार्ड लागतं असं धरून चालत. त्यांनी एकाच मशीनचे सोळा सीपीयू कोअर घेतले, प्रत्येकावर खेळाची एक प्रत आणि एक शिकाऊ खेळाडू बसवला, आणि सगळ्यांना एकाच सामायिक वहीत अनुभव लिहायला लावलं. तेही दुसऱ्याचं लिहून व्हायची वाट न बघता. त्यांच्या मुख्य पद्धतीचा वेग सोळा थ्रेडवर एकाच्या तुलनेत १२.५ पट झाला. सोळा लावून साडेबारा मिळणं, हा मला या क्षेत्रातला सगळ्यात प्रामाणिक आकडा वाटतो. वही सामायिक असली की एवढी गळती होणारच. पण त्याच निबंधातल्या दुसऱ्या एका पद्धतीला सोळा थ्रेडवर २४ पट वेग मिळाला, सोळांहून जास्त. कारण बहुधा असं की सोळा खेळाडू खेळाच्या सोळा वेगळ्या कोपऱ्यांत एकाच वेळी भटकत होते आणि त्या विविधतेमुळे शिकणंच कमी अनुभवात होत होतं. म्हणजे जास्त कोअरनी कधी काम भराभर होतं, आणि कधी मुळात कामच कमी उरतं.

तिथून पुढे आकडे आभाळाला भिडले. ओपनएआयने २०१८ मध्ये डोटा २ शिकवताना १,२८,००० सीपीयू कोअर आणि २५६ ग्राफिक प्रोसेसर वापरले. रोज १८० वर्षांचा खेळ स्वतःशीच खेळला जात होता. एप्रिल २०१९ मध्ये त्या खेळाडूंनी विश्वविजेत्या ओजी संघाला हरवलं. यात कोअर आणि ग्राफिक प्रोसेसर यांची वाटणी बघण्यासारखी आहे. खेळ चालवायचा कोअरने, त्यातून शिकायचं ग्राफिक प्रोसेसरने. खेळ म्हणजे ‘जर-तर’ची लांबच लांब साखळी, ती कोअरलाच मानवते.

कॅरमच्या क्लायंटनाही आम्ही शेवटी चित्र काढण्यापासून सोडवलं. स्वयंचलित खेळाडूला डोळे नसतात. सोंगटी कुठे आहे ते त्याला आकड्यांत कळतं. युनिटीला सुरू करताना ‘बॅचमोड’ आणि ‘नोग्राफिक्स’ असं सांगितलं की खिडकीच उघडत नाही, ग्राफिक कार्डावरचा भार जातो. फक्त फ्रेमची मर्यादा तिथेही घालायला विसरू नये, नाहीतर न दिसणारा क्लायंट पुन्हा अख्खा कोअर धरून बसतो.

एकाच ठिकाणी अडलं की सगळं कसं थांबतं, यावरून मला १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवते. दहाच्या सुमाराला मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. राज्यात वीज तयार होत नव्हती असं नाही. कळवा-पडघा या ४०० केव्हीच्या वाहिन्या बाद झाल्या, भार उरलेल्या वाटांवर सरकला आणि त्याही एकामागून एक सुटत गेल्या. राज्याच्या विजेचा मेळ क्षणोक्षणी घालणारं भार प्रेषण केंद्र आमच्या शेजारीच, ठाणे-बेलापूर रस्त्यावर आहे. कॉम्प्युटरमध्ये हेच काम ऑपरेटिंग सिस्टिमचा शेड्युलर करतो. एकूण क्षमता पुरेशी असूनही एक वाट तोकडी पडली की सगळं बसतं. क्लायंट चालवताना ती वाट कधी रॅमची पट्टी असते, कधी ग्राफिक कार्ड, कधी डिस्क. एकदम बारा क्लायंट सुरू केले तर बाराही जण एकाच फाइलवर तुटून पडतात. पाच-पाच सेकंदांच्या अंतराने सुरू केले तर तेच मशीन कुरकुरत नाही.

आणि कधी ती वाट पलीकडच्या टोकाला, सर्व्हरमध्ये असते. माइनक्राफ्टचं उदाहरण सगळ्या मुलांना पटतं. त्याच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर सेकंदाला वीस ठोके मोजतो आणि जगाचं मुख्य काम एकाच थ्रेडवर करतो. प्रत्येक ठोक्याला ५० मिलिसेकंद. स्वतःच्या सर्व्हरवर पन्नास बॉट सोडले आणि त्यांना मोजून बत्तीस कोअर दिले, तरी सर्व्हरचा तो एक थ्रेड ५० मिलिसेकंदांत आवरेना झाला की सगळं जग संथ होतं.

बॉट हा शब्द आला म्हणून स्पष्ट बोलतो. स्वतःच्या खेळावर, स्वतःच्या सर्व्हरवर किंवा संशोधनासाठी खुल्या ठेवलेल्या खेळांवर स्वयंचलित खेळाडू चालवणं हे शिक्षण आहे. दुसऱ्यांच्या खेळात, जिथे समोर माणसं वेळ देऊन खेळत आहेत, तिथे बॉट सोडणं ही लबाडी आहे, आणि कंपन्या तिला तसंच वागवतात. ‘ईव्ह ऑनलाइन’ने १ जानेवारी २०१५ पासून एकाच कळीने अनेक क्लायंट हलवण्यावर बंदी घातली, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने नोव्हेंबर २०२० मध्ये. त्याच खेळासाठी ‘ग्लायडर’ नावाचा बॉट विकणाऱ्या कंपनीचं प्रकरण अमेरिकेच्या अपील न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१० मध्ये निकाल लागला. आपल्याकडे पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या कायद्याने बंदच केले आहेत. ‘रात्रभर मशीन खेळेल आणि सकाळी कमाई’ असं सांगून कोणी मुलाला बत्तीस कोअर घ्यायला लावत असेल, तर आईवडिलांनी त्याला थांबवावं.

विजेचाही हिशेब घरच्यांनी करावा. जुन्या ई५-२६७० ची उष्णतेची मर्यादा ११५ वॅटची. सगळं मशीन मिळून दीडशे वॅट धरा. चोवीस तास चालू ठेवलं तर दिवसाला ३.६ युनिट, महिन्याला १०८. शंभर युनिटला पहिला टप्पा संपतो आणि पुढच्या युनिटचा दर चढतो; म्हणजे पंखा-फ्रिज धरायच्या आधीच हे एकटं मशीन घराला दुसऱ्या टप्प्यात नेऊन ठेवतं. नवा सहा कोअरचा प्रोसेसर महाग वाटतो, पण वर्षभर चालवायचं असेल तर जुन्याच्या स्वस्ताईतली बरीचशी रक्कम बिलात जाते. शिवाय एप्रिल-मेमध्ये, बंद खोलीत, भिंतीला चिकटवून ठेवलेलं मशीन तापलं की प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो. त्या मुलाने मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं आणि धूळ झटकली. दुपारच्या आणि रात्रीच्या मोजमापांतला फरक त्यानंतर बराच कमी झाला.

मोजमाप तो आता वहीत करतो. एका वेळी एकच क्लायंट वाढवायचा, पाच मिनिटं थांबायचं, मग तीन गोष्टी लिहायच्या: क्लायंट किती, एका फ्रेमला सरासरी किती मिलिसेकंद, आणि सगळ्यात संथ फ्रेमला किती. सरासरी बराच वेळ हलत नाही. संथ फ्रेमचा आकडा आधी उसळतो. कुठला भाग तोकडा पडणार आहे याची खूण तिथे मिळते.

चोवीस क्लायंट आणि सहा पट झाले तेव्हा क्लायंटांचे आकडे शांत होते, पण सोंगट्या एकमेकींवर आपटल्यावर क्षणभर थबकत होत्या. मुलाने सर्व्हरचा वापर पाहिला: ६ टक्के. या वेळी त्याने माझ्याकडे वळून पाहिलंच नाही. सहाही पटांचं भौतिक गणित त्याच्या सर्व्हरमध्ये एकाच थ्रेडवर, सेकंदाला पन्नास वेळा चालत होतं. दीड वाजून गेला होता. त्याने सर्व्हरची फाइल उघडली आणि प्रत्येक पटाला स्वतंत्र प्रोसेस द्यायला बसला. पहिले दोन पट वेगळे झाल्यावर मी खाली आलो. तिसऱ्याच्या वेळी त्याच्या आईने दिवा बंद करायला सांगितल्याचा आवाज जिन्यात ऐकू आला.